धावत्या लेखणीची लिपी

मराठी भाषा आज ज्या अक्षरांत छापली जाते त्यांस बाळबोध अक्षरे म्हणतात. हीच देवनागरी लिपी होय. परंतु मराठी माणसाने आपले सारे लेखन याच एका लिपीत केले असे मात्र नाही. कित्येक शतके त्याच्या घरात दोन लिप्या नांदत होत्या. पोथ्या, पुराणे, स्तोत्रे व काव्ये तो बहुधा बाळबोधीत लिहीत असे. आणि पत्रे, हिशेब, करारमदार, सनदा, निवाडे व जमाखर्च मोडी लिपीत लिहीत असे. एक लिपी सावकाश वाचावयाच्या ग्रंथासाठी होती, तर दुसरी झटपट उरकावयाच्या व्यवहारासाठी. या दुसऱ्या लिपीचे रूप, तिचा उपयोग आणि हातातील लेखणीतून छापखान्याच्या खिळ्यात उतरताना तिची झालेली अडचण, या तिन्ही गोष्टी समजून घेण्याजोग्या आहेत.

प्रथम लिपीचे रूप पाहू. बाळबोधीत ‘पाणी’ हा लहानसा शब्द लिहावयाचा झाला, तरी लेखणी सहासात वेळा उचलावी लागते. ‘प’चे वळण, त्याची उभी रेघ, काना, ‘ण’चे दोन भाग, वेलांटी आणि शेवटी डोक्यावरची रेघ, अशी ही कामे एकामागून एक करावी लागतात. चार ओळींचे पत्र लिहिताना शेकडो वेळा हात थांबतो व पुन्हा चालू लागतो. ज्या कारकुनाला दिवसभरात अनेक पत्रे लिहून हातावेगळी करावयाची, त्याला हा थांबा परवडत नाही. मोडीने यावर उपाय काढला. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढतो आणि मग त्या रेघेखाली अक्षरे लिहीत जातो. एका अक्षराचा शेवट जेथे होतो तेथूनच पुढच्या अक्षराचा आरंभ व्हावा, अशा बेताने अक्षरांना वळण दिलेले असते. त्यामुळे लेखणी फारशी न उचलता ओळीच्या टोकापर्यंत जाता येते.

याकरिता अक्षरांचे कोन घासून गोल करावे लागले. सरळ उभ्या रेघांच्या जागी बाक आले. काना, मात्रा व वेलांटी ही अक्षरापासून वेगळी न राहता त्याच्याच शेपटीतून निघू लागली. काही अक्षरांचे रूप तर काना लागताच बदलून जाते. म्हणून ‘क’ ओळखता आला तरी ‘का’ ओळखता येईलच असे नाही. अक्षरे अशी मोडून, वाकवून लिहिली जातात म्हणूनच या लिपीला मोडी हे नाव पडले, असे सामान्यतः मानतात. फारसी लेखनात ‘शिकस्ता’ नावाची एक जलद लिहिण्याची पद्धत आहे. त्या शब्दाचा अर्थही ‘मोडलेली’ असाच आहे. मोडी हे नाव त्या शब्दावरून पडले असावे, असेही काही अभ्यासकांचे मत आहे.

मोडी कोणी सुरू केली याविषयी परंपरेने एक नाव सांगितले जाते, ते देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याचे. परंतु लिपी ही एका दिवसात एका माणसाने घडविलेली वस्तू नसते. अनेक हातांच्या सवयीतून ती हळूहळू आकार घेते. हेमाडपंताने तिला राजदरबारी जागा दिली असेल. पण तिचे वळण मात्र पुढेही पिढ्यानुपिढ्या बदलत राहिले. म्हणूनच अभ्यासक यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे मोडीचे भेद करतात. शिवकालात बाळाजी आवजी चिटणीस यांच्या घराण्यावरून ओळखले जाणारे चिटणिशी वळण प्रसिद्ध झाले. पेशवाईत अक्षर अधिक नेटके, सरळ व सारखे झाले. बिवलकरी वळण त्याच काळातले. इंग्रजी अमलात बोरूची जागा पोलादी टाकाने घेतली आणि अक्षर बारीक व गिचमीड होत गेले. एखाद्या कागदावर तारीख नसली, तरी अक्षराचे वळण पाहून जाणकार त्याच्या काळाचा अंदाज बांधू शकतात.

त्या काळच्या लेखनाची सामग्री साधी होती. बोरूचे टोक चाकूने तिरपे छाटून लेखणी करीत. त्या तिरपेपणामुळे एकच रेघ कोठे जाड तर कोठे बारीक उमटे व अक्षराला डौल येई. काजळ व डिंक यांपासून शाई तयार करीत. कागद हाताने केलेला असे. दौलताबाद व जुन्नर ही गावे त्या कागदासाठी नावाजलेली होती. लांबट आकाराच्या एका तावाला ‘बंद’ म्हणत. मजकूर वाढला म्हणजे एका बंदाला दुसरा बंद खळीने चिकटवीत. मधलाच बंद कोणी काढून दुसरा घालू नये म्हणून जोडाच्या जागी पाठीमागे शिक्का मारीत. पत्राच्या आरंभी मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तबाचा शिक्का उठला, की मजकूर तेथे संपला. त्याखाली कोणी आणखी काही लिहिले तरी ते खोटे ठरे.

घाई ही मोडीची जन्मखूण असल्यामुळे तिने आणखीही काही सवलती घेतल्या. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद ती बहुधा पाळीत नाही. वरचेवर येणारे शब्द ती तोडून लिहिते. ‘राजश्री’ याबद्दल ‘रा॥’ आणि ‘मुक्काम’ याबद्दल ‘मु॥’ एवढे लिहिले की काम भागे. पत्त्यावर आजही ‘मु. पो.’ अशी अक्षरे लिहिण्याची चाल आहे. ती याच काटकसरीच्या जातीची म्हणावयास हरकत नाही. सर्वांत मोठी सवलत ही, की मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत आणि विरामचिन्हेही देत नाहीत. सारा मजकूर एकसंध वाहत जातो. ‘तीनबोलतागेली’ अशी अक्षरे समोर आली, तर ‘ती न बोलता गेली’ असे वाचावयाचे की ‘तीन’ हा आकडा समजून पुढे जावयाचे, हे वाचणाऱ्याने मागचापुढचा संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. तात्पर्य, मोडी लिहिणाऱ्याचे श्रम वाचविते, पण ते श्रम वाचणाऱ्याच्या माथी घालते.

अशा लिपीत एखाद्या अक्षराचा फरक केवढा अनर्थ घडवील, याची लोकांना चांगली जाणीव होती. ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार त्या जाणिवेतूनच रूढ झाला. १७७३ साली पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचा कोणी तरी ‘मारावे’ असा बदल केला, असे लोक सांगत आले. तसे पत्र आज उपलब्ध नाही. म्हणून ही आख्यायिकाच समजावी. तथापि ती लोकांना खरी वाटली, यावरून लिहिलेल्या अक्षरावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो अशी त्यांची समजूत होती, हे उघड दिसते.

बाळबोध लेखनाचा आदर्श याहून वेगळा होता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास केवळ लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, शाई, लेखणी व कागद यांची निगा कशी ठेवावी, याचा त्यात बारकाईने विचार केला आहे. तेथे त्यांच्या डोळ्यांपुढे आहे ते पोथीचे बाळबोध अक्षर. वाचणाऱ्याचे मन प्रसन्न करणारे. या दोन लिप्यांत एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे मानण्याचे कारण नाही. दोघींची कामे निराळी होती, एवढेच.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडीपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी नावाचे मिशनरी छापखाना चालवीत होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवीत. त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे महाराष्ट्रातील लोक नित्याच्या व्यवहारात मोडी वापरतात हे लक्षात घेऊन श्रीरामपुरास मोडीचे खिळे पाडण्यात आले आणि १८१० साली त्यांचा मराठी कोश त्या खिळ्यांनी छापला गेला. ज्या प्रदेशात ही लिपी जन्मली त्याच्यापासून शेकडो कोस दूर, बंगाली कारागिरांच्या हातून तिला धातूचे रूप मिळाले, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

खिळे पाडण्याची रीत अशी आहे. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरतात. ती कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकली, म्हणजे तेथे अक्षराची खोलगट आकृती उमटते. हा झाला साचा. त्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला, की एक खिळा तयार होतो. एकाच साच्यातून एकाच रूपाचे हजारो खिळे निघतात. जुळारी ते खिळे घरांतून उचलतो व एकाशेजारी एक लावून ओळ तयार करतो.

यातच मोडीची अडचण आहे. खिळा हा चारही बाजूंनी बंदिस्त असा चौकोनी तुकडा असतो. त्यावरचे अक्षर आपल्या चौकटीबाहेर सहसा जाऊ शकत नाही. मोडीचा तर सारा प्राण एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात वाहत जाण्यात आहे. हाताने लिहिताना ‘र’ हे अक्षर मागे काय आले व पुढे काय येणार हे पाहून आपले रूप ठरविते. परंतु शिशाच्या ‘र’ला शेजारी कोण आहे याची खबर नसते. प्रत्येक जोडीसाठी वेगळा खिळा पाडावा, तर खिळ्यांची संख्या हाताबाहेर जाते. बाळबोधीसाठीच काना-मात्रा व जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. तेथे मोडीची गोष्ट काय सांगावी! वेगळा खिळा न पाडावा, तर अक्षरे सुटी सुटी दिसतात आणि धावणारी लिपी अडखळत चालू लागते. हाताने लिहिलेल्या मोडीचा मुख्य गुण म्हणजे वेग. छापखान्यात तो गुण निरुपयोगी ठरतो, कारण मोडीचा खिळा उचलावयास बाळबोधीच्या खिळ्यापेक्षा कमी वेळ लागत नाही. उलट मोडीचा दोष, म्हणजे वाचण्यातील कठीणपणा, छापल्यावरही तसाच राहतो.

यावर दुसरा एक मार्ग होता, तो शिळाछापाचा. आलॉइस झेनेफेल्डर या जर्मन गृहस्थाने १७९६च्या सुमारास ही युक्ती शोधून काढली. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर एका विशिष्ट जातीच्या चुनखडी दगडावर उतरवितात आणि मग दगड पाण्याने भिजवितात. तेल व पाणी यांचे जमत नसल्यामुळे छापण्याची शाई केवळ अक्षरांवर बसते, कोऱ्या जागेवर बसत नाही. या रीतीने हाताचे अक्षर जसेच्या तसे, त्याच्या सर्व वळणांसह, कागदावर उठते. महाराष्ट्रात मोडी वाचनाची पाठ्यपुस्तके या शिळाछापावर छापली जात. कसबी लेखकाने लिहिलेली ती पाने पाहून मुले मोडीचा कित्ता गिरवीत.

तरीही छापखान्याचे राज्य जसजसे पसरले तसतसे मोडीचे क्षेत्र आकसत गेले. पुस्तके, वर्तमानपत्रे व सरकारी कागद बाळबोधीत छापले जाऊ लागले. जे छापले जाते तेच सर्वजण वाचावयास शिकतात. पुढे कचेऱ्यांत टंकयंत्र आले आणि झपझप लिहिणाऱ्या हाताची गरजच कमी झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी कारभारातून मोडी मागे पडली आणि १९५०च्या सुमारास शाळांतूनही ती दिसेनाशी झाली. सुमारे दोन पिढ्यांच्या अवधीत एक समाज आपल्या आजोबांचे हस्ताक्षर वाचावयास असमर्थ झाला.

यात नुकसान काय झाले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्याच्या पेशवे दप्तरात मिळते. तेथे रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने आहेत. बाहेरगावीही ते विखुरलेले आहेत. मराठी राज्याची शाखा जेथे जेथे गेली, तेथे तेथे मोडी गेली. दक्षिणेत तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवरची व पेट्यांतली जुनी दप्तरे त्यांनी धुंडाळली आणि १८९८ सालापासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध करावयास आरंभ केला. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. दोघांनीही मोडी मजकूर बाळबोधीत उतरवून घेतला, म्हणूनच तो आज सामान्य वाचकाला वाचता येतो. परंतु एवढे श्रम होऊनही उजेडात आलेले कागद एकंदर साठ्याच्या मानाने थोडेच आहेत.

शिवाय हे कागद केवळ लढायांचे व तहांचे नाहीत. कोणत्या विहिरीचे पाणी कोणी घ्यावयाचे, कोणत्या शेताची हद्द कोणत्या झाडापर्यंत, दुष्काळात किती सारा माफ झाला, गावाच्या बलुतेदाराला किती धान्य मिळे, अशा साध्या माणसांच्या साध्या गोष्टी त्यांत नोंदलेल्या आहेत. २०२३ साली महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्याचे काम निघाले, तेव्हा ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत मोडी दप्तरे पुन्हा उघडावी लागली आणि ती वाचणाऱ्या जाणकारांची एकाएकी गरज भासली. कागद समोर आहे, त्यावरची शाईही ठळक आहे, पण तो वाचता मात्र येत नाही, अशी ही स्थिती. कागद वाळवी खाते तेव्हा तो नाहीसा होतो हे सर्वांना दिसते. वाचणारा नाहीसा झाला, तर कागद शाबूत असूनही मुका होतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या स्थितीत मोडीच्या छापील अक्षराला नव्याने महत्त्व आले आहे. जगातील लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची एक व्यवस्था आहे. २०१४ साली तिच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला. त्यामुळे मोडीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला व त्यावर आधारलेले मोडी टंक म्हणजे फॉन्ट तयार करता येऊ लागले. श्रीरामपूरच्या कारागिरांना जी अडचण पडली ती येथे पुष्कळशी सुटते. संगणकातील अक्षर शिशाच्या चौकटीत कोंडलेले नसते. ‘क’पुढे काना आला तर कोणते रूप घ्यावयाचे, ‘र’ कोठे कसा वळवावयाचा, याचे नियम फॉन्टमध्येच लिहून ठेवता येतात. शेजारी कोण आहे हे पाहून अक्षर आपले रूप बदलते. हाताला जे सवयीने साधत होते, ते येथे नियमाने साधावे लागते.

अशा फॉन्टचा उपयोग कशासाठी करावा, याचाही विचार केला पाहिजे. नामफलक, मानपत्र किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ यांवर मोडी अक्षर शोभून दिसते, यात संशय नाही. पण शोभेपुरताच त्याचा उपयोग झाला, तर तो फार थोडा झाला असे म्हणावे लागेल. त्याचे खरे काम शिक्षणाचे आहे. शिकणाऱ्याच्या पुढे प्रथम एकसारखे, स्वच्छ व निश्चित अक्षर यावे लागते. ते फॉन्ट देतो. एकीकडे मोडी व दुसरीकडे बाळबोध अशी पाने समोरासमोर छापली, तर नवखा वाचकही ओळखीच्या अक्षराच्या आधाराने अनोळखी अक्षरापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते. मोडी हस्तलिखितांचे देवनागरीत रूपांतर यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्नही आता सुरू झाले आहेत. परंतु यंत्रालाही आधी कोणीतरी वाचून दाखवावे लागते, आणि त्याने केलेली चूक ओळखण्यासाठी मोडी जाणणारा माणूस लागतोच.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. फॉन्टमधील मोडी वाचता आली, म्हणजे पेशवे दप्तरातील मोडी वाचता आली असे नव्हे. फॉन्टमध्ये एका अक्षराची रूपे ठरावीक असतात. दप्तरात मात्र जितके लेखक तितकी वळणे असतात. कोणी घाईत लिहिलेले असते, कोणी थरथरत्या हाताने, तर कोणाचा बोरू झिजलेला असतो. छापील अक्षर हा कित्ता आहे. कित्ता गिरवून झाल्यावर खऱ्या कागदांचा सराव करावा लागतो. पंधरा-वीस कागद चिकाटीने वाचले, की एका लेखकाची लकब कळू लागते. मग दुसऱ्याची कळते. पहिल्या दिवशी केवळ वेलबुट्टी वाटणारी ओळ हळूहळू बोलू लागते.

ज्याच्या घरी जुन्या पेटीत एखादे मोडी पत्र असेल, त्याने ते निरुपयोगी म्हणून टाकून देऊ नये. ते घडी मोडून सपाट, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. कदाचित त्यात दोन रुपयांच्या कर्जाची पावती निघेल, कदाचित लग्नाची याद निघेल. काही का असेना, कोणी एका माणसाने ते लिहिण्यासाठी बोरू हाती घेतला होता, कागदावर आधी एक लांब रेघ ओढली होती आणि तिच्याखाली आपले म्हणणे मांडले होते. ते म्हणणे समजून घेणारा एक तरी वाचक त्याला मिळावा, एवढाच मोडी शिकण्याचा हेतू असला तरी तो पुरेसा आहे.